विसरले जाण्याचे काम

अमरत्वाविषयीच्या कथांत अमर झालेल्या माणसापुढचा प्रश्न बहुधा काळाचा असतो. इतकी वर्षे हाताशी आली, त्यांचे करायचे काय, हा तो प्रश्न. व्ही. ई. श्वाब या अमेरिकी लेखिकेच्या ‘द इन्व्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लारू’ या कादंबरीत मात्र तो दुय्यम ठरतो, कारण तिच्या नायिकेला मिळालेल्या अमरत्वाला एक शाप जोडलेला आहे: भेटलेले माणूस तिच्यापासून नजर हटवून दूर झाले, किंवा दोघांच्या मध्ये एखादे दार बंद झाले, की ते तिला संपूर्णपणे विसरते. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली आणि कल्पनेपासून छापील पुस्तकापर्यंत पोहोचायला सुमारे दहा वर्षे घेतलेली ही कादंबरी अद्भुतिका या प्रकारात मोडते. म्हणजे ओळखीच्या जगात एखादाच अशक्य नियम घालून त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासत नेणारे हे कथन आहे. या प्रकाराकडून वाचक ज्या वेगाची अपेक्षा ठेवतात तो वेग तिच्यात नाही, आणि ती फार संथ आहे, पुढे सरकतच नाही, अशी तक्रार तिच्याविषयी वारंवार ऐकू येते. ही तक्रार वस्तुस्थितीला धरून असली तरी तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. विसरले जाणे या अनुभवाची घडणच पुनरावृत्तीची आहे, आणि विसरले जाणे हा ज्यांच्या रोजच्या कामाचाच भाग असतो अशा माणसांच्या अनुभवाशेजारी ठेवून ही कादंबरी वाचली म्हणजे तिची चाल तशी का आहे ते उमजू लागते.

कथानक थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. फ्रान्समधल्या सार्त नदीकाठच्या एका काल्पनिक खेड्यात १६९१ मध्ये जन्मलेली, सुताराची मुलगी असलेली ॲडलिन, १७१४ च्या उन्हाळ्यात एका विधुराशी मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाच्या दिवशी रानात पळून जाते आणि देवांची करुणा भाकते. अंधार पडल्यावर ओ देणाऱ्या देवांना कधी साकडे घालू नये, असे गावातल्या एका म्हाताऱ्या जाणतीने तिला बजावलेले असते. पण सूर्य मावळल्याचे तिच्या ध्यानात येत नाही, आणि ओ देणारा नेमका तसलाच निघतो. जगण्याची इच्छा संपेल त्या दिवशी आत्मा माझा, या बोलीवर तो तिला अंतहीन आयुष्य देतो, आणि घरी परतल्यावर तिला कळते की जन्मदात्री आईदेखील आपल्याला परकी समजत आहे. स्वतःचे नाव तिला उच्चारता येत नाही, लिहिलेले अक्षर कागदावरून नाहीसे होते, मोडलेली वस्तू पुन्हा जोडली जाते. जगावर ओरखडासुद्धा उमटवण्याची सोय तिला उरत नाही. पैसे मोजून घेतलेल्या खोलीतून मालकीण तिला घुसखोर म्हणून बाहेर काढते. कोणतीही नोकरी टिकत नाही, कारण नोकरी टिकायला कालच्या दिवसाचा कोणीतरी साक्षीदार लागतो. या शापाची आर्थिक बाजू लेखिकेने पुरेशा गांभीर्याने हाताळली आहे, आणि कादंबरीच्या पॅरिसमधल्या आरंभीच्या प्रकरणांचे बळ मुख्यतः त्या भुकेच्या आणि थंडीच्या वर्णनात आहे.

कादंबरीची चाल समजून घ्यायला मात्र सगळ्यात उपयोगी भाग २०१४ च्या न्यूयॉर्कमधला आहे. तिथे टोबी नावाचा एक संगीतकार आहे, आणि ॲडीची आणि त्याची ओळख कितीतरी दिवस चालू आहे, फक्त ती तिच्या बाजूने. रोज सकाळी उठल्यावर त्याला शेजारी एक अनोळखी स्त्री दिसते, तो संकोचतो, रात्री प्यालेल्या दारूला दोष देतो आणि सभ्यपणे तिचे नाव आठवत असल्याचे भासवत राहतो. ती मात्र त्याच्या सवयी, त्याची भीड, तो पुढे काय बोलणार हे सारे जाणून असते. दोघांनी मिळून रचलेली एक चाल त्याच्या बोटांत शिल्लक आहे, पण ती कुठून आली हे त्याला सांगता येत नाही. घटना म्हणून पाहिले तर या प्रकरणांत काहीच घडत नाही, कारण घडलेले प्रत्येक वेळी पुसले जाते. एका ओळखीचा आरंभच पुनःपुन्हा होत राहतो. वेगवान कथनपद्धतीत हाच मजकूर एका वाक्यात उरकता आला असता, परंतु तसे केल्यास वाचकाला विसरले जाण्याची माहिती मिळाली असती, त्याचा शीण अंगावर आला नसता. श्वाब पहिली भेट सविस्तर दाखवतात, नंतरच्या भेटींत बारीकसे फरक ठेवतात, आणि अठराव्या व विसाव्या शतकातील प्रकरणे या वर्तमानाच्या मधे पेरत जातात, त्यामुळे तीच गोष्ट तीनशे वर्षे चालू असल्याचा भार हळूहळू जमा होतो.

हा शीण केवळ कल्पनेतला नाही, हे विसाव्या शतकातील एका दीर्घ संशोधनाच्या कहाणीवरून दिसते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात राहणाऱ्या हेन्री मोलेझन या तरुणाला अपस्माराचे, म्हणजे वारंवार येणाऱ्या झटक्यांचे, तीव्र दुखणे होते. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या कानशिलाकडील आतला भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या अनुभवांची स्मृती बनवणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणे-वागणे सौजन्याचे राहिले, बालपणही आठवत राहिले. फक्त त्यानंतर भेटलेली माणसे आणि घडलेल्या गोष्टी थोड्याच वेळात नाहीशा होऊ लागल्या. ब्रेन्डा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ १९५५ पासून मॉन्ट्रिअलहून प्रवास करून त्याच्याकडे येत राहिल्या. सकाळभर चाचण्या घेऊन त्या जेवायला गेल्या आणि परत आल्या, तरी तो त्यांना प्रथमच भेटत असल्यासारखे वागे. मिल्नर आणि स्कोव्हिल यांचा १९५७ मधला शोधनिबंध स्मृतिसंशोधनाचा पाया मानला जातो, पण त्या निबंधामागे जे काम आहे त्याचे रूप, रोजच्या पातळीवर, ॲडीच्या आयुष्याहून फार वेगळे नाही: पुन्हा नमस्कार, पुन्हा ओळख, पुन्हा विश्वास मिळवणे.

मिल्नर यांच्या विद्यार्थिनी सुझन कॉर्किन या १९६२ मध्ये मोलेझनला प्रथम भेटल्या आणि २००८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्याच्यावर संशोधन करीत राहिल्या. एका माणसाबरोबर तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचा काळ काढायचा आणि त्याच्या लेखी मात्र आपण कालही नव्हतो, ही स्थिती त्यांनी एखाद्या संसारासारखी निभावली. त्याची देखभाल कोण करते, त्याला भेटायला कोण येते, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे काय व्हावे, इथपर्यंतची काळजी त्यांनी वाहिली. कॉर्किन यांनी नोंदवलेली एक गोष्ट या संदर्भात फार मोलाची आहे. बऱ्याच वर्षांनंतर मोलेझनला त्यांचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटू लागला, आणि या ओळखीचे कारण स्वतःच्या स्मृतीत शोधताना तो त्यांना शाळेतल्या दिवसांत नेऊन बसवू लागला, कारण तेवढाच काळ त्याच्याजवळ शिल्लक होता. ओळख खरी होती, तिची जागा तेवढी चुकीची होती. टोबीच्या बोटांतील त्या चालीसारखीच ही गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही देवाच्या शापाविना घडलेली आहे.

अशा शिल्लक राहिलेल्या खुणांचा पुरावा याच संशोधनातून पुढे आला. आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची, अशी एक अवघड कसरत मिल्नर यांनी मोलेझनकडून तीन दिवस करून घेतली. दर वेळी आपण हे प्रथमच करतो आहोत असे त्याला वाटे, आणि तरीही हाताच्या चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. यावरून स्मृती एकच नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत, घटनांची आठवण एकीकडे आणि हाताच्या सरावाची आठवण दुसरीकडे साठते, हे स्पष्ट झाले. त्याही आधी, १९११ मध्ये, जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी एका विस्मृती जडलेल्या स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली होती: तिला दर भेटीत नव्याने ओळख करून द्यावी लागे, एकदा त्यांनी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली, आणि पुढच्या वेळी तिने त्यांना ओळखले नाही, पण हातही पुढे केला नाही. (प्रयोग म्हणून तो प्रसिद्ध आहे, माणसाशी केलेले वर्तन म्हणून तो क्रूरच म्हटला पाहिजे.) याच्या नेमका उलट आणि अधिक दिलासा देणारा पुरावा २०१० मध्ये आयोवा विद्यापीठातील जस्टिन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना त्यांनी दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांत चित्रफितींतला तपशील रुग्ण विसरले, परंतु त्यातून मनात उमटलेली भावना त्याहून पुष्कळ जास्त वेळ टिकून राहिली.

महाराष्ट्रातील शहरांत हा पुरावा कोणत्याही नियतकालिकात न वाचता रोज पडताळून पाहणाऱ्या स्त्रियांचा एक मोठा वर्ग आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मृती, भाषा आणि दिशा-काळाचे भान क्रमाक्रमाने हिरावून नेणारा मेंदूचा विकार, झालेल्या वृद्धांकडे घरपोच सेविका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या या ‘मावशी’. त्यांच्या कामाचे वर्णन आंघोळ, जेवण, औषधे, फिरवून आणणे असे केले जाते, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग त्या यादीत कधीच नसतो: ज्या आजींना काल दिवसभर सांभाळले, त्या आज सकाळी दारातच विचारतात, ‘तू कुणाची गं?’ या प्रश्नाला रोज नव्याने, आवाजात कालचा थकवा न आणता उत्तर द्यावे लागते. घरी भेटायला येणारे नातेवाईक बहुधा उलटा मार्ग धरतात. ‘ओळखलंत का मला? सांगा बघू कोण ते!’ असे म्हणून ते एका आजारी माणसाची परीक्षा घेतात, आणि उत्तर न आल्यास दोघेही ओशाळतात. अनुभवी मावशी परीक्षा घेत नाही. ‘आजी, मी आलेय, तुमच्या आंघोळीचं पाणी काढलंय,’ असे स्वतःहून सांगून ती नाते आणि काम हे दोन्ही एकदम पुरवते, म्हणजे समोरच्या माणसाला आठवण्याचे ओझे उरत नाही. आजींनी तिला कधी आपली बहीण समजले, कधी माहेरची शेजारीण समजले, तरी ती ते खोडून काढण्याच्या भरीस पडत नाही. त्या ठरवतील त्या नात्यातून ती दिवस पुढे नेते.

या कामाचे फळ फार उशिरा दिसते आणि ते शब्दांत येत नाही. सुरुवातीला पाण्याचा तांब्या पाहताच हात झटकणाऱ्या आजी काही आठवड्यांनी त्याच मावशीच्या हाताला विरोध करीनाशा होतात, तिचे नाव मात्र त्यांना तेव्हाही सांगता येत नाही. माणूस बदलले की तोच विरोध पुन्हा सुरू होतो, म्हणून शक्यतो एकच व्यक्ती दीर्घकाळ असावी असा आग्रह या क्षेत्रातील जाणकार धरतात. मुलीला न ओळखणाऱ्या आजी कापूस पुढे ठेवला तर सफाईने वाती वळतात, मेथीची जुडी दिली तर पाने निवडून काड्या बाजूला काढतात, रामरक्षा कोणी सुरू केली तर पुढचे शब्द न अडखळता म्हणून टाकतात. मोलेझनच्या हातातील पेन्सिल जे सांगत होती तेच इथे कापूस आणि मेथी सांगतात. मावशी या उरलेल्या गोष्टींच्या आधाराने दिवसाची आखणी करते, आणि उद्या ती आखणी तिलाच पहिल्यापासून करावी लागते.

अमरत्व आणि एकाकीपणा यांची सांगड मराठी वाचकाला नवी नाही. महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा जो शाप देतो, त्यात रक्त-पुवाचा दुर्गंध आहेच, पण त्याच्याशी बोलायला कोणी असणार नाही हीदेखील त्या शापाची अट आहे. लोकमानसाने जखमेवर घालायला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा जपला आणि संवाद हिरावून घेणारी ती अट मागे पडली. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास त्याच्या नावाने यात्रा भरते. म्हणजे त्याच्याशी बोलणारे कोणी नसले तरी त्याचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. ॲडीची स्थिती याच्या बरोबर उलट आहे: तिच्याशी बोलायला रोज कोणी ना कोणी भेटते, पण नाव कोणाजवळच राहत नाही. पाश्चात्त्य तत्त्वचिंतनात बर्नर्ड विल्यम्स यांनी कारेल चापेक यांच्या एका नाटकातील तीनशेहून अधिक वर्षे जगलेल्या गायिकेचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले होते की अनंत आयुष्य अखेरीस कंटाळ्यालाच पोहोचते. श्वाब यांची नायिका कंटाळत नाही, आणि त्याचे कादंबरीत दिलेले कारण पटण्यासारखे आहे. जिच्याजवळ काहीच साठत नाही, तिला नवी चव, नवी भाषा, कोणाची पहिली नजर याच गोष्टी धरून जगावे लागते.

कादंबरीचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाइतका निष्ठुर राहत नाही. ब्रुकलिनमधील पुस्तकांच्या दुकानात हेन्री स्ट्राउस नावाचा तरुण ॲडीला ओळखतो, कारण त्यानेही त्याच देवाशी एक करार केलेला असतो, आणि तिथून कथा प्रेमकथेच्या परिचित वळणावर जाते. तिची कहाणी तो वह्यांत उतरवून घेतो आणि अखेरीस ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध होते. तीनशे वर्षांनी तिचे नाव कागदावर टिकते. त्याआधीही तिने खुणा ठेवलेल्या असतात, त्या चित्रकारांच्या, शिल्पकारांच्या, गायकांच्या मनात कल्पना रुजवून. कादंबरीचा प्रत्येक भाग अशा एखाद्या कलाकृतीच्या परिचयाने सुरू होतो, आणि ॲडीच्या चेहऱ्यावरील सात ठिपके त्यांतून पुनःपुन्हा डोकावतात. ही योजना देखणी आहे, पण तिच्यातून असा ग्रह होतो की विसरल्या गेलेल्या माणसाचा माग फक्त कलेतच राहू शकतो. टोबीच्या प्रकरणांत लेखिका याहून खोल गोष्टीच्या अगदी जवळ आली होती: माग दुसऱ्याच्या शरीरात, त्याच्या सवयीत, कारण न कळता वाटणाऱ्या निर्धास्तपणात राहतो. तीन शतकांत ॲडीने एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून काढलेली वर्षे कादंबरीत असती, तर शापाची आणि त्यावरील उत्तराची कसोटी अधिक कठोर झाली असती.

मोलेझन जिवंत असेपर्यंत शास्त्रीय साहित्यात फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला गेला. २ डिसेंबर २००८ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याचे पूर्ण नाव जाहीर झाले. पुढच्या वर्षी सॅन दिएगो येथे त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप ५३ तासांत घेण्यात आले आणि ते अभ्यासासाठी जतन केले गेले. त्याला विसरणे भाग होते, आणि आज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून त्याला कोणी वगळू शकत नाही. तो ज्यांना रोज विसरत असे त्या मिल्नर आणि कॉर्किन यांची नावेही निबंधांवर आणि पुस्तकांवर आहेत. १९८० पासून तो ज्या शुश्रूषागृहात राहत होता तिथे त्याला रोज जेवू घालणाऱ्या, त्याच्याशी पुन्हा-पुन्हा ओळख करून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे वाचकांपर्यंत पोहोचलेली नाहीत, जशी ब्युरोच्या वहीपलीकडे मावशीची पोहोचत नाहीत. त्यांच्यावर कादंबरी लिहायची झाली तर तिला ॲडीच्या कादंबरीहून संथ होण्यावाचून गत्यंतर नाही. तीच आंघोळ, तोच प्रश्न, तेच उत्तर पानापानावर यावे लागेल. आवाजात कालच्यापेक्षा किती फरक पडला, तांब्या पाहून हात आज किती उशिरा मागे गेला, एवढ्यावरच तिचे प्रकरण उभे राहील. तिच्या लेखकाला एका घरात बारा तासांची पाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहावी लागेल, आणि तीही पुष्कळ वेळा.